चेन लावलेली राणी आणि नऊवारीतली अंतराळवीर

"झगा घाला, नाहीतर परत जा."

एवढंच मला मंगलकाकूंना सांगायचं होतं. शनिवारची सकाळ. साडेनऊ वाजले होते, गेट उघडायला अर्धा तास होता. माझ्या हातात तपकिरी झग्यांचा गठ्ठा होता. समोर मंगलकाकू उभ्या होत्या, न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून दीड तासाचा रस्ता करून आलेल्या. अंगावर चंदेरी नऊवारी, तिचा घट्ट काष्टा, पायात पांढरे गमबूट. पाठीला ऑक्सिजनच्या नळकांड्या म्हणून दोन रंगवलेल्या पाण्याच्या बाटल्या. डोक्यावर गोल पारदर्शक हेल्मेट. ते मुळात सॅलडचं मोठं प्लास्टिकचं भांडं होतं.

"कशी दिसतेय गं मुक्ता?" भांड्याच्या आतून आवाज आला.

"भन्नाट, काकू."

ते खरं होतं. म्हणूनच पुढचं वाक्य तोंडातून निघेना.

आधी माझं काम सांगते. रेनेसाँस फेअर म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या गावाची जत्रा, अमेरिकेत एका मैदानावर उभी केलेली. लाकडी दुकानं, लोहार, घोड्यावरचे सरदार, एक राणी. उन्हाळ्याच्या शेवटापासून पानगळीपर्यंत दर शनिवार-रविवार. मी तिथे कॉस्च्यूम सुपरवायझर आहे. नोकरीवरची माणसं त्या काळाच्या कपड्यात आहेत की नाहीत ते रोज सकाळी तपासायचं. मनगटी घड्याळ नको, स्नीकर्स नकोत, वेलक्रो नको.

आमच्या धंद्यात एक अलिखित सवलत असते, दहा फुटांची. दहा फुटांवरून जे दिसत नाही ते चालतं. गाऊनच्या पाठीला चेन आहे पण वरून केप आहे? चालतं. बुटात जेलचं इनसोल आहे? चालतं. या दहा फुटांवर आमची अख्खी जत्रा उभी आहे.

ही तपासणी फक्त पगार घेणाऱ्यांची. तिकीट काढून येणारा काहीही घालून येतो. कोणी परी होतं, कोणी समुद्री चाचा, कोणी रोबो. एक गृहस्थ दर वर्षी रस्त्यावरचा नारिंगी ट्रॅफिक कोन होऊन येतात आणि दिवसभर अत्यंत गंभीर चेहऱ्याने फिरतात. काही लोकांना हे खपत नाही. "वातावरण बिघडतं," म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. माणूस जत्रेला येतो, परीक्षेला नाही. ज्याने आठवडाभर स्वतःच्या हाताने पुठ्ठा कापून रोबो केला, त्याने आपल्या जत्रेला जेवढा मान दिला तेवढा जीन्स घालून आलेल्याने नाही दिला. तरी जीन्सवाल्याला कोणी अडवत नाही!

म्हणूनच आमच्याकडे दुपारी एक वाजता 'कालप्रवासी' नावाची स्पर्धा असते. चुकीच्या काळातले कपडे घालणाऱ्यांसाठीच. जिंकणाऱ्याला पुढच्या सीझनला एक स्टॉल मिळतो, कपड्यांचा, स्वतःच्या नावाचा. मंगलकाकू अठरा वर्षं आयसेलिनला दुसऱ्यांच्या साडीच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ब्लाउज उसवून पुन्हा शिवतायत. पाटी दुसऱ्याची, बोटं यांची. त्यांना स्पर्धेत उतरवलं मीच. "काकू, काहीही घालून या, फक्त तुमच्या हातचं असू दे," असं मी आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं.

आणि आता माझ्या डोक्यावर गेटला एक लॅमिनेट केलेली पाटी लटकत होती. "या गेटच्या आत एकाही माणसाच्या अंगावर त्या काळाशी खोटं बोलणारा कपडा असता कामा नये!"

हे वाक्यही माझंच होतं. उद्गारचिन्हासकट.

झालं होतं असं. आमच्या कलाकारांना कॉस्च्यूम स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो. परवडतं ते पॉलिस्टर. ऑगस्टच्या उन्हात पॉलिस्टरचे तीन थर घालून नाचायचं म्हणजे काय ते एकदा करून बघा. मागच्या सीझनला दोघं चक्कर येऊन पडले. म्हणून मी वसंतात एकपानी पत्रक काढलं. जवसाच्या धाग्याचं लिनन त्या काळी गरिबाच्याही अंगावर असायचं, त्यातून हवा जाते, घाम सुकतो, तर कंपनीनेच सगळ्यांना लिनन द्यावं, अशी मागणी. शेवटी जोर यावा म्हणून ते वाक्य टाकलं, ठळक अक्षरात. फार आवडलं होतं मला ते.

आमचा नवा मॅनेजर ग्लेन आधी मॉल चालवायचा. त्याने पत्रक पूर्ण वाचलं. लिननबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटचं वाक्य तेवढं कापून घेतलं आणि शुक्रवारी प्रेक्षकांसाठी गेटवर टांगलं. सोबत चाळीस तपकिरी झगे. ज्याचे कपडे त्या काळचे नाहीत त्याने दिवसभर झगा पांघरायचा किंवा पैसे परत घेऊन घरी जायचं.

"झगा घातला तर परीक्षकांना साडी कशी दिसणार?" काकूंनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं होतं, पत्रकासकट. त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. बांगड्या त्यावर वाजल्या.

त्यांची मुलगी रिया गाडीची किल्ली बोटात फिरवत होती. "मॉम, जस्ट वेअर द क्लोक. एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू दे की. बघायलाच शिवलंय." मग माझ्याकडे वळून, हळूच, "सहा रविवार लागले गं. काष्ट्याचा कोन सांभाळून आत पॅडिंग बसवलंय. बसता येतं, पळता येतं. आणि मी काय आता पोतं पांघरू?"

मागे रांग पार्किंगपर्यंत गेली होती. ट्रॅफिक कोनवाले गृहस्थ चौथ्या नंबरवर उभे होते. पाटी वाचून त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खरोखर गंभीर झाला.

मी ग्लेनला वॉकीटॉकीवर बोलावलं. तो आला. पोलो शर्ट, खाकी पँट, गळ्यात आयडी.

"ग्लेन, हे चूक आहे. हे लोक स्पर्धेसाठी आलेत."

"मुक्ता, वाक्य तुझं आहे."

"मी ते लिननसाठी लिहिलं होतं."

"छान लिहिलंयस. एकाही माणसाच्या अंगावर. मला स्पष्ट नियम आवडतात."

"एकाही म्हणजे कोणालाच सूट नाही?"

"कोणालाच नाही."

"लिहून दे."

त्याने माझ्या क्लिपबोर्डवर खसाखसा लिहिलं, 'सर्वांना लागू, अपवाद नाही', खाली सही ठोकली आणि कॉफी आणायला गेला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीने नव्हे, आनंदाने!

माझे बाबा अमेरिकेत येण्याआधी पिंपरीच्या एका कारखान्यात होते, युनियनमध्ये. न्यू जर्सीतल्या घरात मराठी वाचायला मी त्यांच्या जुन्या पत्रकांवर शिकले. बाकीच्या मुली गोष्टी वाचत होत्या तेव्हा मी 'कामगार बंधूंनो' वाचत होते. त्या पत्रकांतली माझी सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे नियमानुसार काम. संप करायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. मालकाने जो नियम लिहिलाय तो अगदी तंतोतंत पाळायचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. नियमच दमतो. बाबा सांगायचे, त्यासाठी एकच गोष्ट लागते. आदेश लेखी हवा.

तो आता माझ्या हातात होता.

पावणेदहाला आमचा उद्‌घाटनाचा खेळ असतो. राणी लवाजम्यासह गेटच्या बाहेर येते, रांगेतल्या लोकांचं स्वागत करते, तोफ उडते आणि मग सगळे मिळून आत जातात. राणी म्हणजे डेब्रा, एरवी शाळेत गणित शिकवते. ती झोकात बाहेर आली, हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती परत आत वळली तर वाटेत मी उभी.

"महाराणी, कॉस्च्यूम चेक."

"आत्ता? मुक्ता, तोफ..."

"नवा नियम. सर्वांना लागू. केप बाजूला करता का?"

डेब्राने पाटी वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. चक्कर येऊन पडलेल्या दोघांपैकी एक तीच होती. तिने केप अशी उडवली की मागच्यांनाही दिसावं.

"पाठीला चेन," मी मोठ्याने जाहीर केलं. "झगा!"

रांगेतून हशा उसळला. लोकांना वाटलं हा शोचाच भाग आहे.

पुढे लोहार. प्लास्टिकच्या फ्रेमचा चष्मा. झगा! मग बासरीवाला. त्याचा सदरा मला लिनन वाटला. मी बोटांनी चाचपत होते, इतक्यात माझ्या खांद्यावरून एक चंदेरी हात आला आणि सदऱ्याची कड उलटली.

"ओव्हरलॉक," मंगलकाकू म्हणाल्या. "हे बघ, चार दोऱ्यांचं मशीन आहे. हाताची शिलाई अशी साखळी धरत नाही." मग बासरीवाल्याला इंग्रजीत, अगदी मायेने, "सॉरी हं बेटा. मशीन. व्हेरी मशीन."

"झगा!" या वेळी मी ओरडलेच नाही. रांग ओरडली.

त्यानंतर आम्ही दोघींनी तपासणी अक्षरशः पेटवली. काकूंनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं होतं. कमरेला खोचलेल्या निऱ्यांच्या केळ्यातून त्यांनी टेप काढली, ती गळ्यात टाकली, आणि अंतराळातून सोळाव्या शतकाची चौकशी करायला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या त्या एकेका सरदाराला फिरवून बघू लागल्या. "इलास्टिक!" "नायलॉनची लेस!" "हा बटणाचा टाका बरा आहे, पण बटण प्लास्टिकचं." प्रत्येक निकालाला टाळ्या. ट्रॅफिक कोनवाले गृहस्थ रांग सोडून पुढे आले आणि वळसा घालून गर्दी कशी उभी राहील ते दाखवू लागले. तेवढं काम त्यांच्याइतकं कोण करणार?

रियाने किल्ली खिशात टाकली होती. ती मोबाइलवर शूट करत होती आणि ओरडत होती, "दॅट्स माय मॉम!"

दहाची तोफ उडाली नाही. तोफवाल्याच्या पायात स्नीकर्स होते, तो झग्यात बाहेर उभा होता. सव्वादहाला ग्लेन धावत आला.

"हे काय चाललंय?"

"कॉस्च्यूम चेक," मी म्हणाले, आणि क्लिपबोर्ड त्याच्यासमोर धरला.

"मी प्रेक्षकांबद्दल बोलत होतो!"

"इथे सर्वांना लागू लिहिलंय. अपवाद नाही. सही तुझी आहे. कॉलर बघू देतोस का?"

त्याने उत्तर द्यायच्या आत काकूंनी कॉलर उलटून लेबल वाचलं. "हंड्रेड पर्सेंट पॉलिस्टर." आणि मग त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. त्यांनी माझ्या हातातला उरलेला एक झगा घेतला, ग्लेनच्या खांद्यावर टाकायला म्हणून उघडला, आणि थांबल्या. गळ्यापाशी त्यांनी दोन्ही टोकं धरून ओढली.

फर्र!

वेलक्रो. अख्ख्या रांगेला ऐकू आलं. काकूंनी झगा वर धरला. "मुक्ता, हा पण नाही चालत."

मग अशी काही शिट्ट्या-टाळ्यांची सर आली की सरदारांच्या घोड्यांनी कान टवकारले.

आता नियमाप्रमाणे कोणीही आत जाऊ शकत नव्हतं. ज्यांनी झगा घातलाय ते तर मुळीच नाही. ग्लेनने रांगेकडे पाहिलं, रियाच्या मोबाइलकडे पाहिलं. मॉल चालवलेला माणूस, बंद शटरसमोरची गर्दी त्याला कळते.

"तुला काय हवंय?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"पाटी खाली. प्रेक्षक काहीही घालून आत. एकची स्पर्धा जशी आहे तशी. लेखी. आणि कलाकारांना लिनन."

"पहिल्या तीन गोष्टी," तो म्हणाला. "लिननचं बघू."

त्याने लिहून दिलं. पाटी मी स्वतः उतरवली. स्वतःचं वाक्य स्वतःच्या हाताने खाली घेताना जरा लाज वाटली, पण लाजायला वेळ नव्हता. तोफ उडाली आणि चेन लावलेल्या महाराणीने नऊवारीतल्या अंतराळवीराचा हात धरून तिला आत नेलं.

स्पर्धा काकू हरल्या. लोकांचा कौल ट्रॅफिक कोनला मिळाला, किती वर्षांचे उमेदवार ते! त्यांना कपड्यांच्या स्टॉलचं काय करायचं ते कळेना. काकूंनी टाळ्या वाजवल्या, हेल्मेटमध्ये लिंबू सरबताचे ग्लास ठेवून आमच्यासाठी घेऊन आल्या, आणि परतीच्या वाटेवर गाडीत पाठीच्या बाटल्यांचे बंद उसवत बसल्या, असं रिया नंतर म्हणाली.

पण सकाळच्या तपासणीत नापास झालेल्यांच्या मनात ते राहिलंच. रविवारी डेब्रा माझ्याकडे आली. "त्या अंतराळवीर बाई चेन काढून दोरीची बांधणी करून देतील का?" मग लोहार आला, मग बासरीवाला. पुढच्या शनिवारी कोनवाल्या गृहस्थांनी आपला स्टॉल काकूंच्या नावाने लिहून दिला, अट एकच, दर वर्षी कोनाच्या तळाची शिवण नीट करून द्यायची. काकू आता सीझनभर तिथे बसतात. पाटीवर फक्त 'मंगल' लिहिलंय. आज निम्म्या कलाकारांच्या अंगावर त्यांनी शिवलेलं लिनन आहे. ग्लेनने मोठा तागा एकदा 'ट्रायल' म्हणून मंजूर केला. ती ट्रायल अजून संपलेली नाही, आणि आम्ही कोणी त्याला आठवण करून देत नाही. शिलाई मशीन पडद्यामागे असतं. दहा फुटांवरून दिसत नाही.

मला शिक्षा म्हणून दोन आठवडे पार्किंगला टाकलं, पिवळं जॅकेट घालून.

तिथे उभी राहून मी दोन गोष्टी शिकले. मालकाचा आदेश नेहमी लेखी घ्यावा. आणि स्वतः काही लिहिलं, तर त्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य मालकाच्या गेटवर टांगलेलं कसं दिसेल ते आधी बघावं. उद्गारचिन्ह नंतर.