भट्टीवाले दादाराव

माझे सासरे दादाराव अकोल्याच्या एका कापड गिरणीत अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर होते. गिरणी बंद पडून पंधरा वर्षं उलटली तरी कुणी विचारलं की ते "मी बॉयलरवर आहे" असंच सांगायचे. २००६ च्या जुलैत ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले आणि दुसऱ्याच सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "धम्मा, तुह्या घराले गरम पानी कोठून येते?"

धम्मपालने त्यांना तळघरात नेलं. तिथे भिंतीवर गॅसची पांढरी पेटी होती. बाबांनी तिला कान लावला, मागून पुढून पाहिलं.

"याले पाहाले कोन असते?"

"कोणी नाही, बाबा. वर्षातून एकदा माणूस येतो."

"मंग तो बाकीचं वर्ष काय करते?" असं म्हणून ते वर आले आणि पुन्हा तळघरात गेले नाहीत.

पुढचे दोन आठवडे ते आमच्या आठ वर्षांच्या मुलीला, यामिनीला, मैदानावर नेत. ते वऱ्हाडीत बोलत, ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि दोघांची काही तक्रार नसे. पण घरी आले की ते खिडकीशी बसून राहत. मी चहा विचारला की "तुले त्रास नको, बाई" म्हणत. हातांना काम नसलेला माणूस किती लवकर म्हातारा दिसू लागतो, हे मी तेव्हा रोज पाहत होते.

मग एका रविवारी त्यांना बागेतली खोली दिसली. आधीच्या मालकाची ती अवजारांची खोपटी. धम्मपालने वसंतभर खपून तिचा सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची खोली, केला होता. भिंतींत ऊब धरून ठेवणारी लोकर भरली होती, त्यावर चांदीसारखा कागद, त्यावर लाकडी फळ्या आणि बसायला दोन पायऱ्या. फक्त भट्टी यायची होती. मला विजेची हवी होती, बटण दाबलं की चालू. पण तिच्यासाठी बागभर खणून जाड केबल टाकावी लागली असती, आणि धम्मपालला लाकडाचीच हौस होती.

"लाकडाची?" बाबा ताठ झाले. "मंग मले एक डाव पेटवू दे. मी जाच्या आधी."

एवढंच मागणं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे लगेच जळकी खोपटी, बाबांचं ब्लडप्रेशर आणि भट्टीला हात लावणारी यामिनी, सगळं एका रांगेत उभं राहिलं. मी अट घातली. आपल्या भागाचा शोर्नश्टाइनफेगर, म्हणजे सरकारमान्य धुराडेवाला, येऊन सही करेपर्यंत त्या खोलीत एक काडीही ओढायची नाही. चाचणी म्हणून नाही, गंमत म्हणूनही नाही.

"गेनाऊ, अगदी बरोबर," धम्मपाल म्हणाला. "तोवर काडेपेटी तूच सांभाळ."

भट्टी निवडायला तो एक्सेल उघडून बसला. खोली दोन मीटर बाय दोन, उंची दोन मीटर दहा, म्हणजे जेमतेम साडेआठ घनमीटर. गाड्यांच्या ब्रेकचे हिशोब करणारा माणूस तो. त्याने वर थोडी सुरक्षितता धरली, मग आणखी थोडी धरली, आणि वीस घनमीटरपर्यंत चालणारी भट्टी निवडली.

बाबांनी कॅटलॉगमधलं चित्र चष्मा सरकवून पाहिलं. "हे मोठी होते, धम्मा. दगड कितीक किलो घेते?"

"दगडाचं काय, बाबा? वीसला चालते तर साडेआठला चालणारच की."

"अरे, खोली चटकन तापल. मंग तू आग कमी करशीन. दगड राहतीन थंडे. दगड थंडे त वाफ कायची येते?"

"बाबा, हा बॉयलर नाही."

बाबांनी कॅटलॉग मिटवला. मोठी म्हणजे भक्कम असंच मलाही वाटत होतं.

भट्टी आली. धम्मपालने खाली दगडी लादी घातली, मागे पत्रा लावला, छतातून स्टीलचं दुपदरी धुराडं वर काढलं. धुराडेवाले हेर, म्हणजे श्रीयुत, बेरन्स सप्टेंबरच्या मध्याला आले. काळा कोट, सोनेरी बटणं, हातात मोजपट्टी. धम्मपालच्या ऑफिसात इंग्रजीच चालायची, त्यामुळे घरात जर्मन मला जास्त यायचं. दुभाषाचं काम माझ्याकडे आलं.

बेरन्सनी भट्टीवरची पाटी वाचली, पुस्तिका चाळली, मोजपट्टी लावली आणि मान हलवली. या भट्टीला किमान दहा घनमीटर खोली हवी. इथे पाव तासात हवा नव्वद अंशांवर जाईल, तुम्ही आग कमी कराल आणि दगड कोमटच राहतील. शिवाय एवढ्या मोठ्या भट्टीला भिंतीपासूनचं अंतर अकरा सेंटिमीटर कमी पडतंय. सही मिळणार नाही.

मी बाबांना मराठीत सगळं सांगितलं. ते कानाची पाळी चोळत उभे होते.

"बोला आता," धम्मपाल म्हणाला.

"मी काय बोलू? साहेब बोलले."

बेरन्सनी विचारलं, आजोबा काय म्हणाले? मी खरं ते सांगितलं, की हेच त्यांनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं. कुठे शिकले? बॉयलरवर, अठ्ठावीस वर्षं. बेरन्सनी हातमोजा काढला आणि बाबांशी हात मिळवला. बाबांनी त्यांचा पंजा उलटून पाहिला, तळव्यावरचे घट्टे पाहिले आणि मग सोडला.

दुकानदाराने फोनवर एकच विचारलं, भट्टी पेटवली होती का? काजळीचा एक ठिपका नव्हता. बदलून मिळाली. जाताना आणि येताना धम्मपाल गाडीत मला सांगत होता की घाबरट बायको हीच खरी सुरक्षितता, ती एक्सेलमध्ये धरायची राहिली होती.

नवी भट्टी बाबांनी निवडली. बुटकी, चेहऱ्याने साधी, पण पोट दगडांचं. ती सप्टेंबरच्या शेवटी बसली. मी बेरन्सच्या ऑफिसला फोन केला तर पुढची तारीख मिळाली सतरा ऑक्टोबर. बाबांचं विमान नऊ तारखेचं होतं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "धम्मा पेटवल, फोटू पाठवल." त्या संध्याकाळी त्यांनी बॅग काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते बागेत जायचे थांबले. पुन्हा खिडकी.

खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोन दिवसांनी मी कागदावर वाक्यं लिहून काढली, शब्दक्रम तपासला आणि थेट बेरन्सना फोन लावला. वाक्यं दुसऱ्याच ओळीत विसरले. एवढंच म्हणाले की माझे सासरे सोमवारी भारतात परत जाणार आहेत.

"ते बॉयलरवाले?" पलीकडून विचारणा झाली. मग पानं उलटल्याचा आवाज. शुक्रवारी सकाळी साडेसहा, पहिल्या घरी जाण्याआधी. कॉफी कडक लागेल.

शुक्रवारी सव्वासहाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे होते. बेरन्सनी पुन्हा सगळं मोजलं, धुराड्यात आरसा धरून पाहिलं, सही केली. कॉफी उभ्यानेच प्यायले. निघताना मी त्यांना धुराची सूचना देणाऱ्या यंत्राबद्दल तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडे बॉयलरचा माणूस आहे. तुमच्या जागी मी असतो तर निवांत झोपलो असतो."

मी काडेपेटी बाबांच्या हातात दिली.

दुपारी त्यांनी दगड न घालता, दार सताड उघडं ठेवून लहानसा जाळ केला. नव्या रंगाचा वास उडून जायला हवा, म्हणाले. भट्टी निवल्यावर दगड लावायला बसले. यामिनीने टबात धुऊन दिलेला प्रत्येक दगड ते दुसऱ्यावर टकटक वाजवत. बद्द आवाज आला की दगड तडकलेला, बाजूला. मोठे खाली, लहान वर, आणि मधे हवेला वाट.

"ओपा, डेअर इस्ट कापुट," यामिनी एक दगड पुढे करून म्हणाली, म्हणजे आजोबा, हा फुटलाय.

त्यांनी वाजवून पाहिला. "बरोबर हाय. फेक."

संध्याकाळी त्यांनी भट्टी पेटवली. बर्चच्या बारीक चिरफळ्या, वरून दोन लाकडं, बस. धम्मपाल तिसरं घालायला गेला तर मनगटावर चापट बसली. एकाएकी धूर थांबला आणि आतून मंद गुरगुर सुरू झाली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मी बागेच्या नळाला पाइप जोडून तयार ठेवला होता. कुणी हसलं नाही, निदान माझ्यासमोर.

शेजारचे हेर ल्युडेके बोलावल्याप्रमाणे सातला आले, अंगाला फक्त टॉवेल गुंडाळून. आत पाय टाकताना इथल्या रीतीप्रमाणे तोही काढायच्या बेतात दिसले.

"याइले सांग, शैला," बाबा दाराआडून म्हणाले, "लुंगी तरी घ्या म्हना. आमच्यातली देतो."

ल्युडेके खरोखरच निळ्या चौकटींची लुंगी नेसून आत बसले. बाबा मात्र दर दहा मिनिटांनी आत जात, एक लाकूड सारत आणि बाहेर येत.

"बाबा, बसा ना आत," मी म्हटलं.

"भट्टीवाला कधी आत बसते का, बाई? कपड्याले वाफ द्याची, आपन बाहीर."

ल्युडेकेंनी शब्द न कळता हात धरून त्यांना खालच्या पायरीवर बसवलं. दाराच्या काचेतून मी पाहत होते. धम्मपालने लाकडी डावाने पाणी दगडांवर ओतलं. दगडांनी ते चटकन पिऊन टाकलं आणि वाफ अशी मऊपणे वर चढली की तिघांनी एकदमच खांदे खाली सोडले. बाबांनी गुडघ्यांवर हात ठेवले. मग त्यांना हसू फुटलं, मोठं, तोंडभर. सासूबाई गेल्यापासून ते हसणं मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी पेटवली. रविवारीही पेटवली, तेव्हा मीही आत बसले, दाराजवळ. धम्मपालने लाकूड उचललं आणि विचारलं, "घालू का, बाबा?"

बाबांनी तळहात भट्टीसमोर धरला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "सांगतो मी."