आईचं बंड आणि कडक भाकरी

लहानपणी ज्या दुष्ट राजाचा मला मनापासून राग यायचा, त्याची सगळी मतं मला आता पटतात.

शाळेत असताना आम्ही एक पुस्तकमालिका फाटेस्तोवर वाचली होती. सारखं 'नाही' म्हणणाऱ्या राजाच्या तावडीतून मुलं पळतात, उडत्या घोरपडीवर बसतात आणि राज्य उलथवतात! (त्या नादात मीही सोलापूरच्या भवानी पेठेतून पळालो होतो. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत.) परवा रद्दीच्या दुकानात तो अख्खा संच सापडला. हौसेनं वाचायला बसलो, तर राजा म्हणतो काय? उन्हात हिंडू नका, गोड खाऊ नका, वेळेवर झोपा. यात दुष्ट काय आहे? मी समासात पेन्सिलीनं 'योग्य' असं लिहिलंसुद्धा! पहिला भाग मग माझ्या मुलीनं, मुक्तानं, पळवला.

मंगळवारी दुपारी जेवायला घरी आलो, तर सुनीता स्वयंपाकघरात डोक्याला हात लावून उभी.

"अहो, कडक भाकऱ्यांची अख्खी चवड गायब! शेंगाचटणीची बरणीपण! आईंना विचारावं, तर त्या शेजारी गेलेल्या दिसतात. आणि मुक्ता अजून शाळेतून आली नाही."

सोलापुरात माणूस रुसला तर एखादी भाकरी कमी खातो. चवडच उचलली म्हणजे पल्ला लांबचा! अनवाणीच गल्लीत धावलो, दोन रिक्षा अडवल्या, तिसरीत पाठमोऱ्या बसलेल्या मुलीला "मुक्ता!" म्हणून खाली ओढलं आणि तिच्या आईच्या शिव्या खाल्ल्या. रडकुंडीला येऊन परतलो, तर मुक्ता दारात उभी.

"कुठं होतीस?"

"आजीला एसटीत बसवून आले की. वैरागला गेली, मावशीआजीकडं. मी रोज तिला पुस्तक वाचून दाखवते ना, त्यात लिहिलंय, पळताना शिदोरी जास्त घ्यायची."

आईला मी वैरागला जायची साफ बंदी केली होती. ऊन आहे, साखर वाढेल, एकटी नको! फोन लावत राहिलो, तो तासाभरानं लागला.

"पोचले की रं! मावशीनं पुरणपोळी केलीय."

"आई, न सांगता गेलीस?"

"सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणला असतास. बंड काय सांगून करत्यात व्हय?"

जीव भांड्यात पडला. रागवायचंही विसरलो आणि उंबऱ्यावर बसून हसत सुटलो. दोघी सुखरूप होत्या, राज्य गेलं खड्ड्यात!

"गोळ्या राहिल्या बघ," आई म्हणाली. "उद्या घेऊन ये. आणि पुस्तकाचा दुसरा भागपण आण, रोज फोनवर माझ्याकडनं गोष्ट ऐकून मावशी लई खोळंबलीय."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी निघालो. एका हातात गोळ्या, दुसऱ्या हातात पुस्तक. मुक्ता दारातून ओरडली, "बाबा, दुसऱ्या भागात राजाचा हमाल होतो, बरं का!"