उचकटलेल्या फरश्या

गंगापूर रोडच्या बाजूने गंगेकाठी फिरायला गेलो की ते प्रकरण अजून मनात येतं. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. तिथे पूर्वी पाण्यापर्यंत माळ्यांचे मळे होते. दोन हजार सालानंतर त्या काठाने जॉगिंग ट्रॅक होऊ लागला आणि एक दिवस ठेकेदाराचा मुकादम तक्रारी अर्ज घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आला. बसवलेल्या फरश्या कोणीतरी रोज एकाच ठिकाणी उचकटत होतं.

जागेची पाहणी केली. फरश्या बाजूला नीट रचून ठेवलेल्या, एकही गेलेली नाही. इतका शिस्तीचा चोर मी नोकरीत पाहिला नव्हता. मग सकाळी फिरायला येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी खबर दिली, की पहाटे एक बाई खुरपं घेऊन तिथे बसते. साध्या वेशात महिला शिपाई पाठवली आणि बाईंना ठाण्यात आणलं.

साठीच्या होत्या, कपाळभर कुंकू. नाव सांगितलं आणि तोंड मिटलं. मी दरडावलं, काही उपयोग नाही. चहा आल्यावर शिपाईबाईंनी सहज विचारलं, "मावशी, घरी कोण कोण?" सुनेचा विषय निघाला आणि बाईंना रडू आवरेना.

"सून पोटुशी हाय, सायेब. आधीची दोन पोटातच गेली. आमच्या मळ्याच्या टोकाला साती आसरा व्हत्या. सातव्या म्हयन्यात त्यांच्यापुढं ओटी भरत्यात आमच्यात. मळा गेला, त्यांच्यावर फरशी पडली. आता मी कुठं जाऊ?"

आसरा म्हणजे पाणवठ्याच्या देवी, शेंदूर लावलेले सात दगड. बाईंना जीपमधून नेलं, मजुरांना जागा खणायला लावली. खाली नुसती खडी. बाई हातांनी ती खडी उकरू लागल्या.

तेव्हा फरशी बसवणारा पेठ तालुक्यातला मजूर चाचरत पुढे आला. "मुकादम म्हणाला, दगड नदीत टाक. देवावर हात कसा उचलू, सायेब? तिकडं ठेवलेत." थोड्या अंतरावर उंबराखाली सातही दगड ओळीने मांडलेले होते. शेंदूर ताजा होता.

मजुराची बायको डोक्यावरची पाटी खाली ठेवून बघत उभी होती. बाईंची नजर तिच्या पोटावर गेली.

"कितवा?"

"सातवा."

"ओटी भरली का कुणी?"

"हितं कोण हाय आमचं?"

दुसऱ्या दिवशी बाई सुनेला घेऊन आल्या, खण मात्र दोन आणले. मला म्हणाल्या, "सायेब, तुम्ही जरा तिकडं तोंड करा." मी वर्दीत, पाठ फिरवून पहाऱ्याला उभा. मुकादमाने अर्ज मागे घेतला, वर नारळही आणला. बाईंच्या मुलाने फरश्या पुन्हा बसवून दिल्या.

काम संपलं, मजूर गावी गेले. पुढे बाई ठाण्यात पेढे घेऊन आल्या, नात झाली होती. पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "त्या पोरीचं काय झालं, सायेब? तुम्ही पोलीस ना, तपास लावा की."

आपल्या माणसासाठी ठाण्याची पायरी चढणारे मी आयुष्यभर पाहिले. परक्याच्या लेकीसाठी चढलेल्या त्या एकट्याच. लोकांना पोलीस कशासाठी हवे असतात, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं. पेठच्या ओळखीच्या हवालदाराला त्या मजुराच्या पाड्यावर धाडलं. मुलगा झाला होता, दोघंही सुखरूप होती. हा निरोप शिपायाकडे न देता मी स्वतः बाईंच्या घरी जाऊन सांगितला.