जागा परत येणारीची

कर्जतच्या बाजारात आम्हा सगळ्या विक्रेत्या बायकांची मावशी डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधी दगड बघायची. भाजीवाल्या बायकांनी रस्त्याकडेला आपापल्या जागेवर एकेक दगड ठेवलेला असे. बाई आजारी असो, माहेरी गेलेली असो, तिचा दगड हलायचा नाही. हललेला दिसला की मावशी अख्खा बाजार डोक्यावर घ्यायची.

कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली ही म्हातारी शेवळं, करवंदं, रानातली पालेभाजी विकायची. तिला कोणी नेमलं नव्हतं, पण नव्या बाईने कुठे बसायचं ते तीच सांगे. नवऱ्याचं मोहोपाड्याच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा मी घावण्यांचा डबा घेऊन तिथे गेले आणि दिसली त्या मोकळ्या जागेवर खुशाल बसले. मावशी कडाडली, "ऊठ गं! दगड दिसत नाय? बाळातीन हाय ती." मी रडवेली झाले. तशी मला ओळीच्या शेवटी नेऊन तिने स्वतः माझा दगड ठेवला. म्हणाली, "जागा बसनारीची नाय, बाय. परत येनारीची हाय."

तोंडाने मात्र भारी फटकळ. घावण्यांत मीठ जास्त पडलं तर गिऱ्हाइकासमोर सांगायची, आणि वर त्यालाच बजावायची, "उद्या ये. उद्या चांगली करील ती." तो खरंच यायचा. मग मला चांगली करावीच लागत.

एके दिवशी पालिकेचे साहेब विक्रेत्यांची नोंद करायला आले. प्रत्येकीचा जागेवर फोटो, त्यावरून ओळखपत्र, आणि ओळखपत्र असेल तिलाच नव्या मंडईत ओटा. मी नेमकी भिवपुरीला घरी तापाने फणफणले होते. मावशीने साहेबांना माझा दगड दाखवला. "हा हाय ना तिचा, लिवा."

साहेब हसले. "मावशी, दगडाचा फोटो काढू का?"

ती तशीच रिक्षात बसून माझ्या दारात हजर. "चल गं. ताप उद्या बी येईल, सायेब नाय येनार." आम्ही पोहोचलो तेव्हा साहेब ओळीच्या शेवटाला आले होते. तिने मला उभं केलं, फोटो निघाला, माझं काम झालं.

ओटे वाटले तेव्हा कळलं, यादीत मावशीच नाही. ती मला आणायला गेली तेवढ्यात साहेब तिच्या रिकाम्या जागेवरून पुढे गेले होते. मी ढसाढसा रडले. "अगं, तू बोललीस का नाहीस?"

"काय बोलायचं? माजा दगड व्हता की तितं."

आम्ही सगळ्यांनी अर्ज केले. यादी बंद झाली होती. दोन वर्षं ती मंडईच्या दाराशी जमिनीवर बसली, कुरकुर न करता. मग गुडघ्यांनी दगा दिला, आणि गेल्या साली ती गेली. माझ्या घरची चूल आज त्या ओट्यावर पेटते. हे ऋण आहे, आणि ते मला फेडायचंही नाही.

परवा ओळखपत्राचं नूतनीकरण करायला गेले. कारकुनाने जुना फोटो पाहून नाक मुरडलं. तापात मी झुकत होते, म्हणून मावशीने बाजूने मला धरलं होतं. माझ्या खांद्यावर तिच्या हिरव्या बांगड्यांच्या हाताची चार बोटं आली आहेत.

"दुसऱ्याचा हात चालत नाही. नवीन फोटो आणा."

म्हटलं, हाच राहू द्या. पालिकेच्या दप्तरात मावशी तेवढीच आहे.