गाडीतली न्हाणी

नवरा गेला तेव्हा त्याच्या गाडीचं सगळं काम झालं होतं. फक्त नळाला गरम पाणी यायचं राहिलं होतं.

गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. तो मलकापूरला बसगाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात होता. तिथं ती भंगारात निघाली आणि त्यानं ती आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. हे सगळं सासूबाईंसाठी होतं. आंघोळ झाल्याशिवाय त्या तोंडात चहाचा घोटही घेत नाहीत, आणि गुडघ्यांमुळं थंड पाणी त्यांना सोसत नाही. एकदा आम्ही कोकणात गेलो होतो. लॉजवर गरम पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं. सासूबाईंचा नंबर लागेपर्यंत ते संपलं. दुपारपर्यंत त्या खोलीबाहेरच्या पायरीवर उपाशी बसून राहिल्या. शेवटी नवऱ्यानं जवळच्या चहाच्या टपरीवरून पातेलंभर पाणी तापवून आणलं. परत येताना तो म्हणाला, "आई, आता तुझी न्हाणी संगट घेऊनच फिरायचं." आम्ही दोघी हसलो. त्याला मात्र ते मनापासून म्हणायचं होतं.

पुढचे सगळे रविवार त्या गाडीत गेले. बिछाना झाला, ओटा झाला, छतावर पाण्याची छोटी टाकी आणि नळाला पंप बसला, मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढी न्हाणी झाली. पाणी तापवायचं कशावर, यावर गाडं अडलं. आधी त्यानं गॅसचा गीझर आणला, न्हाणीच्या भिंतीला लावून बघितला आणि दुसऱ्या दिवशी परत देऊन आला. "एवढ्याशा बंद जागेत गॅस जळायला लागला तर आत माणूस गुदमरून पडंल, आणि भायेर कुणाला कळायचंबी न्हाई," म्हणाला. मग त्यानं दुसरी युक्ती काढली. इंजिन थंड ठेवायला जे पाणी त्याच्यातून फिरत असतं ते चांगलं कढत असतं. ते एका नळीतून छोट्या टाकीच्या पोटातून फिरवायचं. नळीच्या धगीनं टाकीतलं आंघोळीचं पाणी तापणार. गाडी तासभर चालली की दोन आंघोळी निघतील, असा त्याचा हिशेब. स्टीलची ती टाकी त्यानं कारखान्यातच वेल्डिंग करून घेतली आणि बिछान्याखाली ठेवली. नळ्या जोडायच्या राहिल्या होत्या. येत्या रविवारी जोडतो, म्हणाला. त्या रविवारआधीच कारखान्यात त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर भावकीतले लोक म्हणू लागले, आता ती गाडी कुणाला हवीय, विकून टाका. सासूबाईंनी एकाच वाक्यात तोंडं बंद केली, "इकायची न्हाई." मला बरं वाटलं. पण महिना-दोन महिन्यांनी त्यांनी वेगळंच काढलं.

"त्ये पाण्याचं कवा करायचं गं?"

"करू की, आई. काय घाई आहे?"

"अर्धं काम टाकून माणूस गेला की त्येचा जीव घुटमळतो. त्ये पुरं केलं पायजे."

मला तो घुटमळलेलाच हवा होता. शाळेत शिकवून घरी आले की मी साडी न बदलता गाडीत जाऊन बसायची. बिछान्याची फळी उचलली की ती टाकी दिसायची, दोन्ही बाजूंच्या नळ्या मोकळ्या, बाजूला त्याचा पाना आणि हात पुसायचं फडकं. मुलं-बाळं आम्हाला झाली नाहीत. घरात त्याच्या हातचं दुसरं काही अर्धवट उरलं नव्हतं. ती टाकी बघितली की वाटायचं, माणूस चहा प्यायला उठलाय, एवढ्यात येईल.

एके दिवशी शाळेतून आले तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पिशवी तिथंच टाकून मी धावत गेले. ते त्याच्या कारखान्यातल्या मित्राचे पाय होते. सासूबाईंनी मला न विचारता त्याला बोलावून घेतलं होतं. त्या शेजारी स्टुलावर बसून त्याला बॅटरीचा उजेड दाखवत होत्या.

"कुणाला विचारून हात लावलात?" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी त्या घरात कधीच बोलले नव्हते.

तो बिचारा सरपटत बाहेर आला, ग्रीसचे हात तसेच धरून उभा राहिला. "वैनी, तुमी म्हणत असाल तर काढतो समदं. हाय तसं ठिवतो."

"काढू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "कर तू तुजं काम."

मी घरात गेले आणि दार लावून घेतलं. पाना फिरल्याचे, नळीवर ठोकल्याचे आवाज येत राहिले. उन्हं उतरली तेव्हा गाडी सुरू झाली. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला. मग मात्र मला आत बसवेना. बाहेर गेले. सासूबाई न्हाणीच्या दारात उभ्या होत्या, हात नळाखाली धरून. नळ आधी नुसताच खोकला, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ, पण गार. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

"आलं गं," त्या एकदम म्हणाल्या. "कडक आलं."

आणि गाडीच्या पायरीवर बसून त्यांनी हंबरडा फोडला. तो गेला त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या, लोकांना पाणी पाजत फिरल्या होत्या. "आता त्येचं कायबी ऱ्हायलं न्हाई गं," त्या म्हणत होत्या. "समदं झालं. आता त्येचं कायबी ऱ्हायलं न्हाई." मी त्यांना धरून बसले. मित्रानं हळूच इंजिन बंद केलं आणि तो निघून गेला.

नंतर कितीतरी दिवस आम्ही दोघीही गाडीकडं फिरकलो नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जतकडून निरोप आला. सासूबाईंची थोरली बहीण, नवऱ्याची मावशी, अंगणात पडून खुब्याचं हाड मोडून बसली होती. तिचा मुलगा-सून पुण्याला कामाला. शेजारची बाई भाकरी करून घालायची, बाकी सगळं खाटेवरच. त्याआधी भाच्याच्या मातीलाही वयामुळं तिला येता आलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अक्काला न्हाऊ घालायचंय मला. गाडी काढ."

गाडी चालवायला त्यानंच मला शिकवलं होतं. वरची टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली आणि तासगाव, कवठेमहांकाळ करत आम्ही निघालो. उसाचा हिरवा पट्टा मागं पडला, मग द्राक्षाच्या बागा, मग नुसती उघडी माळरानं आणि मेंढरं. गावात शिरलो तेव्हा टँकरच्या हौदापाशी रिकाम्या घागरींची रांग लागलेली होती.

शेजारच्या दोघी बायकांनी हातभार लावला. मावशींना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून आम्ही गाडीत घेतलं. न्हाणीचं दार उघडंच ठेवलं. पहिला तांब्या खांद्यावर पडला तशी त्या शहारल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "यव्वा, बिसी नीरू!" त्यांच्या सासरी सगळे कानडीच बोलतात, कढत पाण्याचं सुख त्यांच्या तोंडून कानडीतच आलं. खाटेवर पडल्यापासून त्यांचं अंग नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं गेलं होतं.

टाकी लहान, म्हणून त्या पाण्याचा एक नियम होता. अंग भिजवायचं, नळ बंद करायचा, साबण लावून झाला की मगच परत सोडायचा. सासूबाईंना मी वाटेत तीनदा बजावलं होतं. पण बहिणीच्या पाठीची हाडं बघितल्यावर त्यांना कसला नियम आठवतोय! नळ सोडलेला, त्या चोळतायत आणि ओततायत.

"पुरं कर गं," मावशी म्हणाल्या. "पाणी ऱ्हावू दे तुमाला."

"गप बस अक्का."

आणि पंप घरघरला, नळ थेंबथेंब होऊन थांबला. मावशींच्या केसांत शिकेकाईचा फेस तसाच. तेवढ्यात त्या दोघी शेजारणी खाली उतरल्या आणि आपापल्या घरातून डोक्यावर घागर घेऊन आल्या. मग तिसरी आली. टँकरचं पाणी होतं ते, त्यांच्या दोन दिवसांच्या स्वयंपाकाचं. मी नको नको म्हणत होते. "म्हातारीला फेसात बसवून ठेवता व्हय, बाई?" म्हणत एकीनं माझ्या हातात घागर दिली.

ते पाणी टाकीत ओतून मी इंजिन सुरू केलं. गाडी जागेवर उभी असली की पाणी तापायला फार वेळ लागतो. तोवर मावशी घोंगडं पांघरून, डोक्यावर फेस घेऊन बसल्या. खाली बायका बसल्या. त्या अवघडलेल्या वेळात मावशींनी पहिल्यांदा त्याचा विषय काढला.

"लेकरानं एवढं कष्ट केलं," त्या म्हणाल्या, "आन त्यात न्हातंय कोण, तर मी."

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "तूच तर न्हाऊ घातलंस त्येला, अक्का. बाळंतपणात माझ्यापरास तूच जास्त न्हाऊ घातलंस." आणि त्या त्याच्या लहानपणाचं बोलू लागल्या. आंघोळ म्हटली की कसा उघडाच पळायचा, शेरडांच्या गोठ्यात लपायचा. त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर, इंजिनच्या आवाजात, एकेक शब्द कान देऊन ऐकत होते. पाणी तापलं. मागं जाऊन नळाखाली हात धरून बघितला, तरी मी लगेच कुणाला सांगितलं नाही. त्या बोलायच्या थांबल्या असत्या.

चार दिवसांनी निघायची वेळ झाली तेव्हा सासूबाईंनी पिशवी भरलीच नव्हती.

"मी हितंच ऱ्हाते गं अक्काजवळ," त्या म्हणाल्या. "तिला कुणी न्हाई."

"आणि मला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुजं समदं हाय अजून. नोकरी हाय, वय हाय. त्या घरात मला दर कोपऱ्यात पोरगा दिसतो. हितं मी नुसती अक्काची धाकटी भन हाय, त्येची आई व्हायच्या आधीची. हितं दम घेता येतो."

मी एकटीच परत आले. मावशी त्या पावसाळ्यात गेल्या. तरी सासूबाई आल्या नाहीत, अक्काच्या घरातच राहिल्या. महिन्या-दोन महिन्यांनी मी टाकी भरून जतला जाते, त्यांना न्हाऊ घालते, गुडघे शेकते. येतानाची गाडी फार मोठी वाटते.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. जेवलीस का, विचारतात. मी हो म्हणते. त्या म्हणतात, मी बी जेवले. मग फोन मात्र दोघींपैकी कुणी ठेवत नाही. तिकडची मेंढरं ओरडल्याचं ऐकू येत राहतं.