सायाळीचा काटा

पुसदहून सकाळची एसटी धरली ती साळिंदर बघायला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण घर. हे निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे भांडण नाही की बोलणं नाही, नुसता टीव्ही. जीव विटून गेला होता.

वाटेत गाडी पंक्चर. घाटंजीच्या पुढे मावशीच्या गावी पोचले तेव्हा उन्हं कलली होती, अंगाचा पार भुगा झाला होता.

अन् तिथेही तीच तऱ्हा! बोंडअळीनं लागोपाठ दुसऱ्या वर्षी कपाशी खाल्ली. काका म्हणतात पुन्हा कपाशीच, मावशी म्हणते तूर पेरा. त्यावरून अबोला. सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी वाढता वाढता मावशी मला म्हणाली, "त्याईले सांग, भाकर गरम हाये."

"तिले सांग, मले दिसते," काका म्हणाले.

कर्म माझं! इथे येऊन मी पोस्टमन झाले.

दिवस बुडताना काकांनी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) नेलं. पऱ्हाटीतून (कपाशीच्या झाडांतून) खुळखुळ आवाज आला आणि दोन गोलमटोल सायाळी (साळिंदरं) डुलत बाहेर पडल्या.

"काटे फेकून मारतात ना हो?" मी विचारलं.

"नाही वं, खोटं हाये ते. रागावली का पाठ फिरवते अन् उलटी धावून येते. हाडकं कुरतडून दात घासते." काकांनी वळून घराकडे पाहिलं. "जोडी जन्मभर एकाच बिळात राह्यते."

वाटेत एक काळापांढरा काटा पडला होता. काय देखणा! मी तो अंबाड्यात खोचला.

अंगणात पाऊल टाकलं आणि मावशी किंचाळली, "अवं, सायाळीचा काटा घरात आणते का? भांडणं लागतेत!" मग थेट काकांकडे वळली, "तुमच्या डोळ्याईले दिसलं नाही?"

"अंधारात तिचा अंबाडा पाहू का मी?"

झालं! बोंडअळी, तूर, लग्नातलं मानपान, सगळं निघालं. भांडता भांडता अर्ध्या वावरात तूर ठरली.

"च्या मांड," काका म्हणाले.

"मांडला कवाचा."

काटा मला उकिरड्यावर टाकायला लावला. सकाळी निघताना मी तो हळूच उचलला, धुतला, पिशवीत घातला.

घरी टीव्ही चालूच होता. काटा त्याच्यापुढे ठेवून मी चहा करायला गेले.

"काहून आणलं हे घरात?" हे ओरडले. "डोकं फिरलं का तुझं?"

इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी गॅस बारीक केला, पदर खोचला आणि भांडायला बाहेर आले.