काकांचा व्होल्टमीटर

आमच्या सोसायटीतले एक काका रोज सकाळी आपल्या जुन्या हायब्रिड गाडीत बसतात, किल्ली अर्धी फिरवून समोर लावलेल्या मीटरवर बॅटरीचं व्होल्टेज बघतात आणि वर जातात. काकूंना दमा आहे. दवाखान्यात न्यायला गाडी तयार हवी.

एकदा म्हणाले, "बारा पॉइंट एक. रोज उतरायलंय."

"नुसतं बघता म्हणून उतरतंय," मी म्हटलं. "गाडी फिरवून आणा जरा."

"मी फिरवायला नेली अन् तवाच हिला दम लागला तर?"

रविवारी मी काकूंनाच खाली आणून काकांच्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, "खुलताबादपर्यंत जाऊन या."

काकांनी आधी मीटर बघितला. काकूंनी त्यावर रुमाल टाकला.

"अहो, आता रस्त्याकडं बघा."